रोग्याचा व्यवसाय आणि वैद्याचे वाचन : व्यवसायजन्य व्याधींसाठी विनामूल्य संशोधन-साधने

चिकित्सालयाच्या नोंदवहीत रोग्याचे नाव, वय, गाव आणि तक्रार यांना रकाने असतात. 'व्यवसाय' हा रकानाही बहुधा असतो. परंतु त्यात 'शेती', 'मजुरी' किंवा 'घरकाम' यापलीकडे फारसे काही लिहिले जात नाही. मजुरी म्हणजे काजू फोडणे, चिऱ्याच्या खाणीत यंत्र चालविणे, वाळू चाळणे की औषधशाळेत खल घोटणे, हा भेद तेथे नोंदला गेला नाही, तर हेतूचा शोध पहिल्याच पायरीवर थांबतो. निदानपंचकात हेतूला अग्रस्थान देणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अनुयायांना हे शोभणारे नाही.

आम्ही नांदगाव तिठ्याच्या परिसरात व्यवसाय करतो. येथून एक वाट देवगडच्या आंबा बागांकडे व बंदराकडे जाते, महामार्गाने उत्तरेस थोड्याच अंतरावर कासार्डे परिसरातील सिलिका वाळूच्या खाणी लागतात, आणि काजू प्रक्रियेचे लहानमोठे कारखाने तर जिल्हाभर पसरलेले आहेत. अशा ठिकाणी रोग्याच्या कामाची माहिती नसलेला वैद्य अर्धीच चिकित्सा करीत असतो. ही माहिती मिळवून तिचा अर्थ लावण्यासाठी लागणारे ग्रंथ व संशोधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे काही उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवसाय हा हेतू : शास्त्राधार

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात 'सदातुर' अशा चार वर्गांचे वर्णन आहे : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्योपजीवी. हे लोक नित्य रोगी का, याची कारणमीमांसा तेथे त्यांच्या उपजीविकेतूनच केलेली आहे. दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे वागणे, वेगांचे धारण, अवेळी भोजन, व्यापाऱ्याचे सततचे बैठे काम ही ती कारणे होत. उपजीविका हीच रोगाचे कारण ठरू शकते, ही जाणीव आपल्या संहितेत इतकी स्पष्ट आहे. युरोपात इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत त्याच्या व्यवसायाच्या प्रश्नाची भर घालावी, असा आग्रह धरला. आधुनिक व्यवसायजन्य आरोग्यशास्त्राचा आरंभ तेथून मानला जातो.

संहिताकाळी नसलेली द्रव्ये व यंत्रे मात्र आज कामाच्या जागी आहेत. काजूचे झाडच पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आले. त्यामुळे तत्त्व संहितेचे आणि तपशील आधुनिक संशोधनाचा, अशी सांगड घालणे क्रमप्राप्त आहे.

उदाहरण पहिले : काजू, आंबा आणि बिब्बा

काजू फोडणाऱ्या भगिनींच्या बोटांवर काळे डाग, साले निघणे, भेगा, कधी फोड व तीव्र कंडू ही लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. याविषयी शोध घ्यावयाचा झाल्यास प्रथम 'पबमेड' या संकेतस्थळाकडे वळावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९७ पासून ते सर्वांना विनामूल्य खुले केले असून त्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांची नोंद आहे. २००० साली सुरू झालेल्या 'पबमेड सेंट्रल'मध्ये पूर्ण लेखही विनामूल्य वाचता येतात.

शोध घेताना लांबलचक वाक्य न लिहिता प्रश्नाचे दोन भाग करावेत : द्रव्य आणि व्याधी. येथे 'ॲनाकार्डियम' व 'डर्मटायटिस, ऑक्युपेशनल' हे दोन शब्दसमूह इंग्रजी लिपीत टाकून त्यांच्यामध्ये 'ॲण्ड' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. दुसरा शब्दसमूह ही त्या ग्रंथालयाने ठरविलेली विषयसंज्ञा आहे. अशी संज्ञा वापरली म्हणजे लेखकाने शीर्षकात कोणताही शब्द योजला असला तरी त्या विषयाचा लेख हाती लागतो. आयुर्वेदासाठीही 'मेडिसिन, आयुर्वेदिक' अशी संज्ञा तेथे आहे. डाव्या बाजूस 'फ्री फुल टेक्स्ट' ही खूण केली की केवळ विनामूल्य पूर्ण लेख उरतात.

या वाचनातून काय हाती येते? काजूच्या टरफलातील तेलात ॲनाकार्डिक आम्ल व कार्डोल ही दाहक द्रव्ये असतात. काजू, आंबा आणि आपला भल्लातक ही तिन्ही झाडे एकाच कुलातील असून त्यांच्यातील दाहक द्रव्यांची रचना परस्परांशी मिळतीजुळती आहे. म्हणूनच एकाची ॲलर्जी जडलेल्या व्यक्तीस दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. आंबा उतरविताना अंगावर चीक उडून उठणारे चट्टे याच मालिकेतील होत.

दुसरी गोष्ट अशी की, या त्वग्विकाराचे दोन प्रकार आहेत. एक केवळ दाहाचा : तेल पुरेसे लागले की कोणाचीही त्वचा भाजते. दुसरा ॲलर्जीचा : एकदा शरीर संवेदनशील झाले की अल्पशा स्पर्शानेही एकदोन दिवसांत पुरळ उठतो आणि कधी स्पर्श न झालेल्या जागीही पसरतो. पहिल्या प्रकारात हातमोजे, तेलाचे लेपन व स्वच्छता यांनी काम भागते. दुसऱ्यात त्या व्यक्तीस फोडणीच्या कामावरून काढून प्रतवारी किंवा भरणीच्या कामावर नेणे हेच खरे निदानपरिवर्जन होय. त्यातही गर हाताळताना टरफलाचे तेल लागत नाही ना, हे पाहावेच लागते.

आता या माहितीचा आपल्या चिकित्सेशी असलेला संबंध पाहावा. अशा भगिनीचा विकार कुष्ठ समजून तिला भल्लातकयुक्त कल्प दिला, तर ज्या द्रव्यास तिचे शरीर आधीच प्रतिकूल झाले आहे, तशाच द्रव्याचे आभ्यंतर सेवन आपण घडवीत असतो. सर्वांगावर पुरळ उठण्याचा धोका त्यात आहे. संजीवनी वटी ही घरोघर दिली जाणारी वटीही भल्लातकयुक्त आहे, याचे विस्मरण होऊ नये. कामाविषयीचा एक प्रश्न येथे औषधयोजना बदलून टाकतो.

भल्लातकाचे मूळ संदर्भ पाहण्यासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेने चरक, सुश्रुत आदी संहिता व निघंटु संगणकावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. त्यात शब्द टाकून शोध घेता येतो. 'भल्लातक' हा शब्द दिला की चिकित्सास्थानातील रसायनपादापर्यंत आपण पोहोचतो. सेवनापूर्वी मुखाच्या आतील भागास घृत लावण्याची सूचना तेथे आहे. दाहक द्रव्य आणि त्वचा यांच्यामध्ये स्नेहाचा पडदा असावा, हा विचार काजू कारखान्यातील हातांनाही लागू पडतो. जुन्या जाणत्या स्त्रिया कामापूर्वी हातांना खोबरेल लावतात, ते याच न्यायाने.

उदाहरण दुसरे : वाळूची धूळ व चिऱ्याची धूळ

खोकला व श्रमाने वाढणारा श्वास घेऊन येणाऱ्या मजुरास आपण कास-श्वासाची चिकित्सा देतो. तो सिलिका वाळू चाळणारा, भरणारा वा ओतकामाच्या कारखान्यात राबून आलेला असेल, तर प्रश्न निराळा होतो. स्फटिकरूप सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात साठून कायमचे काठिण्य येते; हा 'सिलिकोसिस'. तो बहुधा दहा वा अधिक वर्षांच्या कामानंतर दिसतो, परंतु धूळ फार असेल तर काही महिन्यांतही तीव्र रूपाने प्रकटतो. झालेले काठिण्य परत फिरत नाही. अशा रोग्यास राजयक्ष्मा होण्याचा धोका अधिक असतो आणि क्ष-किरण चित्रात दोहोंची गल्लतही होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीस कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले.

यासाठी दोन साधने विशेष उपयुक्त आहेत. पहिले, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा व्यावसायिक आरोग्य व सुरक्षितता विश्वकोश. त्याची चौथी आवृत्ती १९९८ साली चार खंडांत निघाली. तिची १०५ प्रकरणे संगणकावर विनामूल्य वाचता येतात. खाण, मासेमारी, अन्नप्रक्रिया, ओतकाम अशा प्रत्येक उद्योगात काम कसे चालते आणि धोका कोणत्या टप्प्यावर असतो, हे त्यात सविस्तर दिले आहे. ज्या वैद्याने कारखाना आतून पाहिलेला नाही, त्याला याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही. मात्र ग्रंथ जुना असल्याने कामाची पद्धत समजण्यासाठी तो वापरावा. धुळीच्या मर्यादा व उपचार यांसाठी अलीकडील लेख पाहावेत. दुसरे साधन, 'इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन' हे भारतीय व्यवसायजन्य आरोग्य संघटनेचे नियतकालिक. त्यातील लेख विनामूल्य असून आपल्याच देशातील खाणकामगार, विडी कामगार, विणकर, शेतमजूर यांच्यावरील अभ्यास त्यात सापडतात. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेचे कार्यही याच दिशेने चालते.

चिऱ्याची धूळ व वाळूची धूळ एक नव्हे, हेही वाचनाने कळते. जांभा दगडात लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचे प्राधान्य असून सिलिकेचे प्रमाण जागोजागी बदलते. म्हणून चिरेखाणीतील कामगारास श्वासाबरोबरच यंत्राचा आवाज, हातांना बसणारी कंपने व उन्हाचा ताप यांविषयीही विचारावे. बहिरेपणा हळूहळू येतो आणि रोगी तो आपणहून सांगत नाही.

सिलिकोसिसचा समावेश कायद्याने कळविण्यायोग्य ठरविलेल्या व्यवसायजन्य रोगांत आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही तो आहे. आपले कर्तव्य असे की, संशय येताच कामाचा पूर्ण इतिहास, किती वर्षे व कोणत्या टप्प्यावर काम केले, हे लिहून रोग्यास थुंकी तपासणी व क्ष-किरण चित्रासाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. त्या चिठ्ठीवर 'सिलिका धुळीचा संपर्क' हे शब्द असले तर पुढील तपासणीची दिशा बदलते. रोग्याच्या नुकसानभरपाईचा मार्गही कदाचित तेथूनच सुरू होतो.

उदाहरण तिसरे : ऋतू आणि काम

काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या, पातेरा व लाकूडफाटा गोळा करणाऱ्या व्यक्तीस अकस्मात तीव्र ज्वर, डोकेदुखी व अंगदुखी झाली, तर क्यासनूर अरण्य ज्वर अर्थात माकडतापाची शंका घ्यावी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला हा गोचिडीवाटे पसरणारा रोग २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्यांच्या ज्वरात लेप्टोस्पायरोसिसचा विचार तसाच अगत्याचा. या विषयांवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' विनामूल्य वाचता येते. ज्वराची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी गेल्या पंधरवड्यातील काम विचारणे आणि संशयित रोग्यास विलंब न लावता शासकीय रुग्णालयात पाठविणे, हा यातील सारांश.

आपल्याच औषधशाळेतील कामगार

आता औषधनिर्मात्यांसाठी थोडे सविस्तर. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत समाविष्ट झालेल्या 'शेड्यूल टी'नुसार कामगाराची नेमणुकीच्या वेळी व पुढे वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी. तेथे भर आहे तो कामगार संसर्गजन्य रोगापासून मुक्त असण्यावर. म्हणजे कामगारापासून औषधाला जपण्याची काळजी नियमाने घेतली आहे. औषधापासून कामगाराला जपण्याची काळजी मालकाने व वैद्याने घ्यावयाची आहे. २००४ साली अमेरिकन वैद्यक नियतकालिकात आयुर्वेदीय औषधांतील जड धातूंविषयी लेख आला, तेव्हापासून औषध घेणाऱ्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. ते औषध वर्षानुवर्षे घोटणाऱ्याविषयी मात्र फारच थोडी.

कज्जली घोटताना पारद निश्चंद्र होईपर्यंत मोकळ्या पारदाची वाफ सामान्य तापमानातही निघत असते. तिला रंग नाही, वास नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या रासायनिक सुरक्षा पत्रिका विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक द्रव्यास एक पत्रिका असून धोका, लक्षणे, प्रतिबंध, प्रथमोपचार व सांडल्यास काय करावे, हे तीत थोडक्यात असते. अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेच्या रासायनिक धोक्यांच्या 'पॉकेट गाईड'मध्ये ६७७ द्रव्यांची अशीच माहिती आहे. पारदाच्या वाफेसाठी तिने दिवसभराच्या कामाची शिफारस-मर्यादा एका घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम एवढी दिली आहे. जुन्या याद्यांत आढळणारे 'टॉक्सनेट' हे विषद्रव्यांचे संकेतस्थळ डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाले. त्यातील विषद्रव्यांचा प्रमुख माहितीसंग्रह आता 'पबकेम'मध्ये पाहावा. पारद, हरताल व मनःशिला यांविषयी आधुनिक नावांनी शोध घेतल्यास तेथे माहिती मिळते.

या वाचनाचा व्यवहारातील अर्थ असा. पारदाचे काम मोकळ्या हवेच्या, स्वतंत्र जागी व्हावे. तेथे खाणेपिणे, तंबाखू वर्ज्य असावी. सांडलेला पारद केरसुणीने झाडू नये, कारण त्याचे कण पसरून वाफ वाढते. कामाचे कपडे घरी जाऊ नयेत; घरातील बालकांना त्यापासून धोका असतो. कामगाराच्या हिरड्या, हाताचा कंप, चिडचिड व निद्रानाश यांची विचारपूस करावी, मूत्रातील प्रथिने व शक्य तेथे पारदाचे प्रमाण तपासावे. दर महिन्यास त्याच्याकडून नोंदवहीत दोन ओळी लिहून घ्याव्यात; अक्षरातील कंप वर्षभरात आपोआप दिसून येतो.

वनस्पतिद्रव्ये निरुपद्रवी असतात, हाही समज सोडावा. वत्सनाभाचे चूर्ण करताना ओठांस मुंग्या येणे ही विषाची पहिली खूण आहे. इसबगोलाची धूळ श्वासावाटे जाऊन दमा झाल्याचे अनेक अभ्यास रेचक औषधांच्या कारखान्यांतील कामगारांवर झालेले आहेत. पबमेडमध्ये 'सिलियम' व 'ॲस्थमा, ऑक्युपेशनल' या संज्ञा एकत्र दिल्यास ते सापडतात. आठवड्याच्या सुटीत बरा वाटणारा व कामावर येताच वाढणारा श्वास, ही व्यवसायजन्य दम्याची ओळख. भल्लातक शोधनास बसणाऱ्यास हातमोजे व स्नेहलेपन द्यावे, आणि ज्याला पूर्वी बिब्बा उतला आहे, त्याला त्या कामास बसवूच नये.

वाचताना घ्यावयाची दक्षता

विनामूल्य मिळते ते सर्व विश्वसनीय नसते. पैसे घेऊन कोणताही लेख छापणारी नियतकालिके आयुर्वेदाच्या क्षेत्रातही पुष्कळ झाली आहेत. 'डीओएजे' ही मुक्त नियतकालिकांची निर्देशिका २००३ पासून चालू आहे. तीत नियतकालिकाचे नाव आहे काय, हे पाहावे. केवळ सारांशावरून निष्कर्ष काढू नये. रोगी किती होते, तुलनेचा गट होता काय, संपर्क मोजला होता की अंदाजे धरला होता, हे तीन प्रश्न प्रत्येक लेखास विचारावेत. औषधाच्या चाचणीची नोंद २००७ साली सुरू झालेल्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मध्ये आहे काय, हेही तेथे विनामूल्य पाहता येते. आयुष संशोधनाचे शासकीय संकेतस्थळ आपल्या विषयांसाठी उपयुक्त असले तरी तेथील लेखांनाही हीच कसोटी लावावी.

जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेचा लाभ शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना आहे, खाजगी वैद्यास थेट नाही. त्यामुळे सशुल्क लेख हवा असल्यास शासकीय महाविद्यालयातील परिचित अध्यापकांस विनंती करावी, किंवा लेखकास पत्र पाठवावे; बहुतेक लेखक आनंदाने प्रत देतात. अलीकडे संगणकास प्रश्न विचारून तयार उत्तर मिळविण्याची सोय झाली आहे. अशा उत्तरांत अस्तित्वात नसलेले लेखही संदर्भ म्हणून दिलेले आढळतात. तेव्हा प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू नये.

समारोप

उपर्युक्त साधनांना द्रव्य लागत नाही, थोडा वेळ व सवय मात्र लागते. सर्व वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे की, 'व्यवसाय' या रकान्यात यापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : नेमके काम कोणते, ते किती वर्षे, कोणते द्रव्य हाताळले जाते, सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो काय, आणि बरोबरच्या कामगारांस तोच त्रास आहे काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर समोर एक रोगी नसून एक कार्यस्थळ आहे असे समजावे. औषधनिर्मात्यांनी आपल्या शाळेतील द्रव्यांची यादी करून प्रत्येकाची सुरक्षा पत्रिका मिळवावी, तिचा मराठी सारांश भिंतीवर लावावा आणि तो कामगारांस वाचून दाखवावा.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण रोग्यास पथ्य म्हणून सांगतो. पोटासाठी काम करणाऱ्यास काम सोडणे हे पथ्य पाळता येत नाही. त्याच्या कामातील नेमका हेतू शोधून तेवढाच दूर करता आला, तर त्याची भाकरीही राहील आणि आरोग्यही राहील. त्यासाठी आपण वाचले पाहिजे.